डहाणूचे गणितानंद : कै. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

विरारहून उत्तरेस निघालेला प्रवासी सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव अशी आपल्या नित्य परिचयाची स्थानके मागे टाकीत डहाणू रोडला उतरतो. चिकूच्या वाड्या, समुद्रकिनारा आणि महालक्ष्मीची यात्रा यांमुळे डहाणूचे नाव सर्वदूर झाले आहे. पण देशोदेशीच्या गणितप्रेमी मंडळींना हे गाव ठाऊक असते ते निराळ्याच कारणाने. ज्यांचे नाव आज अंकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कापरेकर संख्या आणि कापरेकर स्थिरांक या रूपाने छापले जाते, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस जन्मले. त्या वेळी डहाणू ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते आपल्या पालघर जिल्ह्यात आहे. म्हणजे आजच्या हिशेबाने कापरेकर हे आपल्या जिल्ह्याचे सुपुत्र ठरतात.

जैन समाजाच्या स्मरणिकेत एका शाळामास्तरांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न एखाद्या वाचकाच्या मनात येईल. आपल्या भागातील थोर माणसाचे स्मरण हे एक कारण आहेच. दुसरे कारण असे की, कापरेकरांनी ज्या संख्यांचा आयुष्यभर छंद घेतला, त्यांतील एक संख्या सुमारे अकराशे वर्षांपूर्वी एका जैन गणितज्ञाने आपल्या ग्रंथात गुंफून ठेवली होती. त्या योगाविषयी पुढे ओघाने लिहीतच आहे.

कापरेकरांचे बालपण सुखाचे म्हणता येणार नाही. ते आठ वर्षांचे असताना मातोश्री निवर्तल्या. वडील रामचंद्रपंत कारकुनीची नोकरी करीत आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ग्रहांच्या त्या बेरजा-वजाबाक्यांनी मुलाचे भविष्य कितपत वर्तवले हे सांगता येत नाही, परंतु अंकांची गोडी मात्र त्यांनीच लावली. आईविना वाढणाऱ्या मुलाला अंक हेच सवंगडी झाले. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. तेथेही कोडी सोडविण्यात त्यांचे तासन्‌तास जात.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. १८९९ साली केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले येऊन सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय, रँग्लर र. पु. परांजपे, यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र लेखनासाठी पारितोषिक दिले जात असे. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी पदरात पडली. पुढे एखाद्या गणितज्ञाच्या मार्गदर्शनाखाली उच्च शिक्षण घेण्याचा योग मात्र आला नाही. नाशिकजवळच्या देवळाली येथे शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच मुलांना गणित शिकवीत राहिले. चरित्रातील बाह्य घटना इतक्याच. तीस-बत्तीस वर्षांची एक नोकरी आणि एक गाव. बाकी सारे जे घडले ते कागदावर आणि मनात घडले.

विद्यापीठाचे ग्रंथालय हाताशी नाही, चर्चेला सहकारी नाही, अशा माणसाने संशोधन कशाचे करावे? कापरेकरांनी जे सर्वांजवळ असते तेच घेतले : शून्यापासून नऊपर्यंतचे दहा अंक.

त्यांच्या डेमलो संख्यांची कथा मोठी गमतीची आहे. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर, डेमलो नावाचे स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. तेथे गाडीची वाट पाहताना त्यांना विशिष्ट घडणीच्या संख्या सुचल्या. १६५ ही संख्या पाहा. दोन टोकांचे १ आणि ५ मिळून ६ होतात आणि मध्ये ६ बसलेला आहे. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात व मध्ये ५ दोनदा आला आहे. ४७७७३ चेही तसेच. या संख्यांना त्यांनी त्या स्थानकाचेच नाव दिले. शास्त्रज्ञ आपल्या शोधाला राजाचे, गुरूचे वा देवतेचे नाव देतात. आपल्या या मास्तरांनी रेल्वे स्थानकाचे दिले.

या कुळातील सर्वांत देखण्या संख्या मिळतात त्या केवळ एक या अंकाच्या वर्गातून. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. असे चढत नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला की येते :

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकांची ही संख्या. आपल्या परंपरेत परार्ध हे अठरावे स्थान. म्हणजे ही संख्या परार्धाच्या एकच पायरी अलीकडे थांबते. एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि त्याच पायऱ्यांनी उतरून पुन्हा एकावर यायचे. हे का घडते ते आपल्या पेढीवरील कोणीही गुणाकार मांडून पाहिला तर त्याला कळेल. एकाने गुणल्यावर तीच ओळ पुन्हा लिहायची, फक्त एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी झाल्या की उजवीकडच्या पहिल्या उभ्या रकान्यात एक एकम्, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मध्यभागी नऊ आणि पुढे पुन्हा उतरती. कोठेही हातचा येत नाही, म्हणून सौंदर्य टिकते. दहा वेळा एक घेतला की मध्यावर दहा जमतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. आठ नाहीसा झाला आणि मध्ये दोन शून्ये आली! नवावर येऊन ही शिडी संपते.

या सतरा अंकी संख्येचे आणखी गुण पाहण्यासारखे आहेत. तिच्या सर्व अंकांची बेरीज ८१. आणि ८१ ने तिला भागले तर बाकी काही उरत नाही. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१. उलट तिला ८१ ने गुणले तर नऊ वेळा नऊ लिहून केलेला वर्ग मिळतो : ९९९९९९९९८००००००००१. आता याचे मधोमध दोन भाग करावेत. डावीकडे ९९९९९९९९८, उजवीकडे नऊ घरांचे ००००००००१, म्हणजे केवळ १. दोहोंची बेरीज ९९९९९९९९९, म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला तीच संख्या परत! वर्गाचे दोन तुकडे जोडले असता मूळ संख्या परत देणाऱ्या अशा संख्यांनाच जग आज कापरेकर संख्या म्हणते. लहान उदाहरणे घ्यायची तर ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. ७०३ चे वाचकांनी स्वतः करून पाहावे.

आता तो योग. इसवी सनाच्या नवव्या शतकात, सुमारे ८५० साली, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणितज्ञ होऊन गेले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. पण अमोघवर्षाची सत्ता आपल्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलेली होती. उत्तर कोकणचे शिलाहार त्याचे मांडलिक होते आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत त्याचे नाव कोरलेले आहे. महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रह या ग्रंथाच्या आरंभी भगवान महावीरांना वंदन आहे. पुढे पाकशास्त्रापासून वास्तुविद्येपर्यंत आणि छंदशास्त्रापासून वैद्यकापर्यंत गणित कोठे कोठे लागते याची यादी येते. सामान्यतः अठरा स्थाने सांगितली जातात, तेथे महावीराचार्य महाक्षोभपर्यंत चोवीस स्थाने मोजतात.

या ग्रंथातील गुणाकाराच्या उदाहरणांत आचार्यांनी काही संख्या मुद्दाम अशा निवडल्या आहेत की उत्तर कंठातील माळेसारखे दोन्ही बाजूंनी सारखे यावे. १५२२०७ ला ७३ ने गुणले की आठ एकांची माळ, ११११११११. १४२८५७१४३ ला ७ ने गुणले की दोन टोकांना एक आणि मध्ये आठ शून्ये, १००००००००१. १२३४५६७९ ला ९ ने गुणले की नऊ एक. आणि २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले की १२३४५६५४३२१. या शेवटच्या उत्तरासंबंधी आचार्य सांगतात की ते एकपासून सहापर्यंत चढते व क्रमाने उतरते. हा तर सहा एकांचा वर्ग, म्हणजे कापरेकरांच्या शिडीतील सहावी पायरी! शिवाय वर आपण ८१ ने भागून जी १२३४५६७९ संख्या काढली, तीही आचार्यांच्या माळेतलीच. देवळालीच्या मास्तरांची सतरा अंकी संख्या मान्यखेटच्या आचार्यांच्या उदाहरणातून दोन ओळींत तयार होते. महावीराचार्यांचा हा ग्रंथ १९१२ साली मद्रासला एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून लक्ष्मीचंद्र जैन यांनी त्याची हिंदी आवृत्ती काढली. महाराष्ट्रातील जैन वाचकांना तो परका नाही.

मोठ्या संख्यांचे आपल्या आगमांना कधीच भय वाटले नाही. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची संख्या सांगताना दोनाने शहाण्णव वेळा भाग जाईल अशी एकोणतीस अंकी संख्या दिली आहे. शीर्षप्रहेलिका म्हणजे चौऱ्याऐंशी लाखांचा चौऱ्याऐंशी लाखांशी गुणाकार करीत अठ्ठावीस वेळा ती संख्या घेणे. ही संख्या १९४ अंकी होते. त्यांतील शेवटची १४० शून्ये. कापरेकरांचा कल मात्र निराळा होता. संख्या किती मोठी आहे यापेक्षा ती आपल्याच अंकांशी कशी वागते, हे त्यांना पाहायचे असे.

त्यातूनच हर्षद संख्यांची कल्पना निघाली. हर्षद म्हणजे आनंद देणारी. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने नेमका भाग जातो ती हर्षद संख्या. तीर्थंकर चोवीस : २ आणि ४ मिळून ६, आणि २४ ला ६ ने भाग जातो. शलाकापुरुष त्रेसष्ट : बेरीज ९, भागाकार ७. पंचपरमेष्ठींचे गुण १०८ : बेरीज ९, भागाकार १२. चौऱ्याऐंशी लाख योनी : बेरीज १२, भागाकार सात लाख. आणि ज्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका निघत आहे ते वर्ष पन्नासावे. ५० ला ५ ने भाग जातोच. यात कोणी चमत्कार शोधू नये. पहिल्या शंभर संख्यांतच तेहतीस हर्षद संख्या आहेत. परंतु हा खेळ पुढे कोठवर जातो ते पाहावे. सलग किती संख्या हर्षद असू शकतात? १९९३ साली अमेरिकेतील कूपर आणि केनेडी या दोन गणितज्ञांनी सिद्ध केले की सलग एकवीस कधीही असू शकत नाहीत; सलग वीस असतात. मात्र त्यांनी रचून दाखविलेल्या अशा वीस संख्यांच्या माळेतील सर्वांत लहान संख्यासुद्धा ४४,३६,३३,४२,७८६ पेक्षा अधिक अंकांची आहे. शीर्षप्रहेलिकेला १९४ अंक पुरतात. येथे केवळ अंकांची संख्याच चार हजार चारशे छत्तीस कोटींच्या वर जाते.

१९६३ साली, निवृत्तीनंतर, कापरेकरांनी देवळालीहून स्वयंभू संख्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. ४७ मध्ये ११ मिळवले की ५८. म्हणजे ४७ ही ५८ ची जनक. १०१ ला तर ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. परंतु २० ला जनकच नाही; कोणत्याही संख्येपासून अशा रीतीने २० येत नाही. अशा जनकाविना असणाऱ्या संख्या त्या स्वयंभू. त्यांना देवळाली संख्या असेही म्हटले जाते.

आणि त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, त्यांतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया. अधिकात अधिक सात वेळांत ६१७४ येते आणि एकदा आले की तेथून हालत नाही. न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात १९५५ साली त्यांचा यावरचा लेख आला. तीन अंकी संख्यांसाठी असे स्थान ४९५ आहे. पाच अंकांना असे एकही स्थान नाही, संख्या चक्रात फिरत राहतात. नऊ अंकांत ९८७६५४३२१ मधून १२३४५६७८९ वजा केले की ८६४१९७५३२ येते. तिच्यात पुन्हा तेच नऊ अंक असल्यामुळे तीही जागची हालत नाही. ६१७४ हर्षदही आहे : अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे साताचा घन.

हे सर्व वाचताना आपल्याला कौतुक वाटते. परंतु त्यांच्या हयातीत बराच काळ तसे नव्हते. कापरेकर भारतीय गणित परिषदेच्या अधिवेशनांना जात आणि आपल्या संख्या सांगत. देशातील अनेक गणितज्ञ त्याकडे मनोरंजन म्हणून पाहत. त्यांचा आक्षेप अगदीच खोटा होता असे म्हणवत नाही. यांतील बहुतेक गुण संख्येचे नसून ती दहाच्या पद्धतीने लिहिण्याचे आहेत. मोजण्याची पद्धत बदलली की ६१७४ चे वैभव जाते. तथापि आक्षेप घेणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. प्रश्न सोपा असला म्हणून त्याचे उत्तर सोपे असतेच असे नाही. स्वयंभू संख्या एकूण संख्यांत किती प्रमाणात असतात, हा प्रश्न शाळेतील मुलाला कळेल. त्याची नीट सिद्धता इटलीच्या उंबेर्तो झानियेर यांनी दिली ती १९८२ साली.

प्रतिष्ठित नियतकालिकांची दारे क्वचितच उघडत, म्हणून कापरेकर आपल्या पुस्तिका स्वतःच छापून काढीत. शाळामास्तरच्या पगारात हे करणे म्हणजे काय, हे व्यापारी समाजाला वेगळे सांगायला नको. त्या पुस्तिकांतून नफा व्हावा असा तो व्यवहारच नव्हता. शाळाशाळांतून मात्र त्यांना बोलावणे येई आणि मुलांसमोर फळ्यावर संख्यांचे खेळ मांडताना त्यांची कळी खुलत असे. गणितानंद हे नाव त्यांना शोभले ते याच कारणाने.

१९६६ साली पत्नी इंदिराबाई गेल्या. राहणी अत्यंत साधी असूनही निवृत्तिवेतन पुरेनासे झाले. साठी ओलांडलेल्या कापरेकरांना पोटासाठी गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्याच्या ६१७४ विषयी न्यूयॉर्कच्या नियतकालिकाने लेख छापला होता, तो मनुष्य देवळालीत शिकवणीच्या पैशांवर महिना काढीत होता. या काळातही वही बाजूला पडली नाही. उरलेला सारा वेळ संख्यांचाच होता. कोपर्निकसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जादूच्या चौरसांशी संबंधित रचनाही त्यांनी केल्या.

मग मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्या यांविषयी लिहिले. हे सदर जगभर वाचले जाई. ज्या माणसाची पुस्तिका आपल्याकडे अनेकांनी बाजूला ठेवली, त्याच्या संख्या आता परदेशातील विद्यापीठांत आणि नव्याने आलेल्या संगणकांवर तपासल्या जाऊ लागल्या. कापरेकरांचे वय तेव्हा सत्तर होते. मान्यता मिळाली, पण ती सातासमुद्रांपलीकडून फिरून आली. आपल्याकडे हे असे वारंवार घडते, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

१९८६ साली देवळाली येथेच कापरेकरांचे निधन झाले.

प्रस्तुत लेखकाने हा लेख लिहिताना एक गणित कागदावर करून पाहिले, ते वाचकांसमोर ठेवतो. त्यांचे जन्मवर्ष १९०५. त्यावर त्यांचीच क्रिया केली असता ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ९५३१ वजा १३५९ म्हणजे ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. अधिकात अधिक जितक्या पायऱ्या लागू शकतात तितक्या पुऱ्या सात. मृत्युवर्ष १९८६ घेतले तर ९८६१ वजा १६८९ म्हणजे पहिल्याच पायरीला ८१७२. तेथून दोन्ही वर्षांची वाट एकच आहे.